एकहाती बाहुली: किरीच्या भुशापासून नजरेपर्यंत

१२ ऑक्टोबर

बसलेली बाई, उंची साधारण २८ सेंटिमीटर. पाय एका बाजूला घेतलेले, भार उजव्या हातावर, मान डावीकडे वळलेली. कुठून तरी आलेला आवाज ती ऐकते आहे. अंगावर किमोनो नाही. लोकरी स्वेटर आणि गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट, म्हणजे आजच्या तोक्योत लोकलमध्ये शेजारी बसलेली दिसेल अशी. अंग तोसोचं, म्हणजे किरीच्या लाकडाचा भुसा आणि खळ यांच्या लगद्याचं. त्वचा गोफुनची, म्हणजे शिंपल्याची पूड सरसात कालवून चढवलेल्या पुटांची. डोळे काचेचे, केस रेशमाचे, कपडे हातकागदाचे. प्रकल्प एवढाच, आणि अट एकच: भुसा मळण्यापासून भुवई रेखण्यापर्यंत सगळं एकहाती व्हायचं.

अटीमागे कारण आहे. मी शिकते ते इवात्सुकी हे सायतामा प्रांतातलं बाहुल्यांचं गाव. मार्चमधल्या सणाच्या हिना बाहुल्या इथून जपानभर जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या कामाची वाटणी करूनच तयार होत आल्या आहेत. डोकं करणारा काशिराशी वेगळा, हातपाय करणारा वेगळा, केस बसवणारा वेगळा, कपडे चढवणारा वेगळा. पंखे, तलवारी, दिवे करणारे आणखी वेगळे. यातला प्रत्येक जण आपापल्या कामात पोहोचलेला असतो. पण हे डोकं कोणत्या खांद्यांवर बसणार आहे, हे डोकं करणाऱ्याला बरेचदा माहीतच नसतं. विसाव्या शतकात जपानी बाहुलीला कला म्हणून जे स्थान मिळालं, ते ही सगळी साखळी एकेका माणसानं आपल्या हातात घेतल्यामुळे मिळालं, असं माझं ठाम मत आहे. वाचून झालेलं हे मत आता हातानं पडताळून पाहायचं आहे.

सेन्सेईंना, म्हणजे मला शिकवणाऱ्या बाईंना, अट सांगितली. त्यांनी वहीत फक्त महिने लिहिले आणि म्हणाल्या, "लेप थंडीत चढवायचा. त्या हिशेबानं मागे मोजत या."

२० ऑक्टोबर

तेलमातीचा नमुना उभा राहिला. मुख्य प्रश्न मानेचा होता. हिना बाहुलीचं धड गवताच्या पेंढीचं असतं आणि डोकं एका काडीवर खोचलेलं. डोकं वळवलं तर फक्त डोकंच वळतं, खांद्यांना त्याचा पत्ता नसतो. माणूस आवाजाकडे वळतो तेव्हा आधी कान जातो, मग हनुवटी, पण वळण सुरू झालेलं असतं कमरेतून. म्हणून नमुन्यात डावा खांदा किंचित मागे घेतला, उजव्या तळव्यावरचा भार वाढवला, आणि मानेची कानामागून गळ्याच्या खाचेकडे उतरणारी दोरी ताणून दाखवली. हे सगळं कपड्याखाली झाकलं जाणार, तरी ते हवंच. स्वेटरच्या चुण्या कुठून कुठे पडतील, ते याच वळणावर ठरणार आहे.

डावा हात मांडीवरून जेमतेम उचललेला. तो कानाकडे नेला नाही. कानाला हात लावलेली बाई ऐकते आहे हे सांगायला सोपी, पण मग चेहऱ्याला काही करायला उरत नाही.

हाताचे पंजे वेगळे होणार, बोटांत तांब्याची बारीक तार घालून. बाकी अंग पुढचा आणि मागचा असे दोन अर्ध साच्यात.

३ नोव्हेंबर

आज इवात्सुकीच्या किल्ल्याच्या जागेवरच्या बागेत बाहुल्यांचा निरोप असतो. घरात ठेवायला कुणी उरलेलं नाही किंवा जागा नाही अशा बाहुल्या लोक घेऊन येतात, मंत्र म्हटले जातात, आभार मानून त्यांना निरोप देतात. एका म्हातारबांच्या हातात जुनी इचिमात्सु बाहुली होती, लहान मुलीच्या रूपातली. तिचा एक गाल वर्षानुवर्षं हात लागून झिजला होता. त्यांची परवानगी घेऊन जवळून पाहिलं. सर्वांत वर साईसारखा बारीक पांढरा थर, त्याच्या आत जरा भरड आणि पिवळट, आणि मधोमध नखाएवढ्या जागेत उघडा पडलेला तपकिरी भुसा. पुटांचा अख्खा क्रम त्या गालावर वाचता येत होता. थरांच्या कडा कुठेही तुटलेल्या नव्हत्या, एकात एक विरत गेल्या होत्या. गाल इतका झिजूनही पोपडा निघालेला नाही, म्हणजे ज्यानं कुणी सरसाचं प्रमाण धरलं तो जाणता होता.

९ नोव्हेंबर

तोसो मळला.

किरी म्हणजे पावलोनिया. वजनाला अगदी हलकं लाकूड, दमटपणात फारसं न हलणारं. शेजारचं कासुकाबे या लाकडाच्या कपाटांसाठी आणि पेट्यांसाठी नावाजलेलं, त्यामुळे भुशाला इथे तोटा कधीच नव्हता. गेन्रोकु काळात, म्हणजे १६८८ ते १७०४ च्या दरम्यान, एशिन नावाचा क्योतोचा मूर्तिकार प्रवासात आजारी पडून इवात्सुकीत राहिला आणि त्यानं हा भुसा खळीत मळून डोकी करायला शिकवलं, असं इथे सांगतात.

खळ गव्हाच्या चिकाची. चीक पाण्यात शिजवून पारदर्शक होईपर्यंत घोटायचा, गार झाला की भुशात थोडा थोडा घालायचा. भुसा आधी बारीक चाळणीतून काढलेला हवा. एखादा लांब तंतू राहिला तरी वाळल्यावर तो पृष्ठभागावर डोकं वर काढतो. सुरुवातीला मिश्रण हाताला दाद देत नाही, भुरभुरतं. मळत राहिलं की एका टप्प्यावर ते तळव्याला चिकटायचं थांबतं आणि एकजीव होतं. तिथे थांबायचं. आणखी खळ घातली की काम सोपं होतं, पण वाळताना अंग आक्रसतं आणि भेगा वाढतात. सेन्सेई गोळा मुठीत दाबून बोटांचे ठसे पाहतात. ठशांच्या कडा फाटल्या तर परत मळायला लावतात.

साच्याला तेलाचा हात दिला आणि लगदा अंगठ्यानं दाबत भरला. जाडी सगळीकडे सारखी ठेवायची, हनुवटीखाली आणि गुडघ्यांच्या वळणात विशेष. दोन्ही अर्ध काढून जाळीवर ठेवले. आता हवा आणि वेळ.

१६ नोव्हेंबर

वाळतं आहे. रोज बाजू बदलायची, हीटरपासून लांब ठेवायचं, एवढंच काम. तेव्हा डोक्यात घोळत असलेला इतिहास इथे लिहून ठेवते, कारण या अंगाशी त्याचा थेट संबंध आहे.

एदो काळाच्या शेवटी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, इकिनिंग्यो, म्हणजे जिवंत वाटणाऱ्या पूर्णाकृती बाहुल्या, जत्रेत तिकीट लावून दाखवल्या जात. कुमामोतोचे मात्सुमोतो किसाबुरो आणि यासुमोतो कामेहाची हे त्यातले दोन मोठे हात. लोक श्वास रोखून पाहत. पण पाश्चात्त्य धर्तीचं शिल्प आलं, कलाशाळा निघाल्या, आणि या लोकांना कलावंतांच्या पंगतीत कुणी पान मांडलं नाही. त्यांची गणती खेळ दाखवणाऱ्यांत राहिली.

हिराता गोयो (१९०३–१९८१) याच वंशवेलीतले. त्यांचे वडील यासुमोतोंच्या परंपरेत शिकले होते. १९२७ मध्ये अमेरिकेतून जपानी शाळांना मैत्रीची भेट म्हणून बारा हजारांवर बाहुल्या आल्या, आणि परतभेट म्हणून जपाननं ५८ मोठ्या बाहुल्या पाठवल्या, प्रत्येक साधारण ८० सेंटिमीटर उंचीची. तरुण गोयोंचं काम त्या निमित्तानं पुढे आलं. लगेच १९२८ मध्ये काही बाहुलीकारांनी हाकुताकुकाई हा गट काढला. बाहुली दुकानातल्या मालापेक्षा वेगळी काही असू शकते का, यावर तिथे गांभीर्यानं काम सुरू झालं.

दुसरा प्रवाह कारागिरांच्या घराबाहेरून आला, आणि मला तो जास्त जवळचा आहे. होरी र्‍युजो (१८९७–१९८४) कुठल्या बाहुलीकाराच्या घरातल्या नव्हत्या. चघळलेल्या च्युइंगमला सहज डोक्याचा आकार दिला आणि तिथून त्यांना हे वेड लागलं. चित्रकार ताकेहिसा युमेजींच्या भोवती जमलेल्या मंडळींत त्या होत्या. त्या मंडळींनी दोन्ताकुशा या नावानं १९३० मध्ये गिंझातल्या शिसेइदो गॅलरीत बाहुल्यांचं प्रदर्शन मांडलं. या लोकांना वाटणीची पद्धत मोडायची गरजच पडली नाही. त्यांच्याकडे डोकं करून देणारं कुणी नव्हतं, केस लावून देणारं कुणी नव्हतं. सगळं स्वतःच करायचं, म्हणून सगळं एका मनातून आलं.

मग १९३६. सरकारी तेइतेन प्रदर्शनाच्या हस्तकला विभागात पहिल्यांदाच बाहुल्या निवडल्या गेल्या. हिराता होते, होरी होत्या, आणि कागोशिमा जुझो (१८९८–१९८२) होते. कागोशिमा हे तांका लिहिणारे कवीही. हातकागदाच्या लगद्यापासून अंग घडवायची शिसो ही रीत त्यांनी स्वतः बसवली. एक जण जत्रेतल्या बाहुलीकारांच्या परंपरेतला, एक चित्रकाराच्या बैठकीतली, एक कवी. तिघांची वाट वेगळी, पण तिघांच्याही बाबतीत बाहुलीचा आतला गाभा आणि बाहेरची नजर एकाच माणसाची होती. पुढे १९५५ मध्ये हिराता आणि होरी यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला, कागोशिमांना १९६१ मध्ये.

या तिघांना ढोबळपणे 'पारंपरिक' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. परंपरेनं त्यांना साहित्य दिलं. भुशातून पुरा माणूस एकट्यानं उभा करायची कल्पना त्यांच्या काळाची होती, आणि ती मिळवण्यासाठी ते भांडले.

३० नोव्हेंबर

दोन्ही अर्ध जोडले. सांध्यावर लगद्याची पट्टी, वर पातळ हातकागद. काखेत आणि मानेच्या मागे अपेक्षेप्रमाणे भेगा आल्या होत्या. पातळ लगदा भरून, वाळवून, कानशीनं सपाट केल्या. हे तीनदा-चारदा करावं लागतंच. पंजेही तयार झाले. डाव्या हाताची करंगळी बाकी बोटांपासून जरा सुटलेली ठेवली आहे.

वर्गात शेजारी बसणारी मुलगी सांध्यांची बाहुली करते: खांदा, कोपर, कंबर, गुडघा, सगळीकडे गोल सांधे आणि आतून ताणलेलं इलॅस्टिक. तिची माती ला डोल, म्हणजे दगडाच्या पुडीची हवेत वाळणारी तयार माती. तिच्या प्रवाहाचा उगम वेगळाच आहे. १९६५ मध्ये लेखक शिबुसावा तात्सुहिको यांनी एका मासिकात जर्मन कलावंत हान्स बेल्मरच्या सांध्यांच्या बाहुलीची ओळख करून दिली. ते पान पाहून योत्सुया सिमोन (जन्म १९४४) यांनी तोवरच्या बाहुल्या बाजूला ठेवल्या. बेल्मरनं बाहुलीचं अंग तोडून उलटसुलट जोडलं. योत्सुयांनी सांधा घेतला आणि अंग पुन्हा पूर्ण केलं, शांत, उभं, डोळे मोठे. १९७३ मध्ये पहिलं एकल प्रदर्शन, १९७८ मध्ये हाराजुकुत स्वतःची शाळा. त्या शाळेच्या प्रभावातून आणि आमानो कातान (१९५३–१९९०) यांच्या अस्वस्थ करणाऱ्या कामातून आजच्या जपानी बाहुलीकारांची मोठी पिढी आली. २००४ मध्ये तोक्योच्या समकालीन कला संग्रहालयात या सांध्यांच्या बाहुल्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं.

आम्ही दोघी आपापलं काम एकमेकींना दाखवतो. तिच्या बाहुलीला कुठल्याही स्थितीत बसवता येतं, माझ्या बाहुलीची स्थिती एकच आणि कायमची. त्यामुळे तिला प्रत्येक सांधा असा घडवावा लागतो की तो वळल्यावर दोन्हीकडच्या अंगाची रेषा तुटू नये. मला मात्र एकाच क्षणाची पूर्ण जबाबदारी घ्यावी लागते. तिनं माझ्या बाहुलीच्या कमरेकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही उठली तर आधी कोणता पाय टेकेल?" उत्तर द्यायला मला नमुन्यासारखं जमिनीवर बसून उठून पाहावं लागलं. डावा. मग डाव्या पोटरीचा स्नायू थोडा भरला.

८ डिसेंबर

डोळे बसवले. काचेचे, गडद तपकिरी, तळाशी चपटे. खोबणी कोरताना आत उतार असा ठेवला की बुबुळं डावीकडे पूर्ण जाऊ नयेत. ऐकणारा माणूस आवाजाच्या दिशेला टक लावून पाहत नाही. त्याचे डोळे सुटे पडतात, जवळच कुठेतरी, बहुधा खाली. लोकलमध्ये स्टेशनची घोषणा होत असताना लोकांचे चेहरे पाहिले की हे लगेच कळतं.

डोळे लगद्यानं पक्के केले. सेन्सेईंनी आरशात पाहायला सांगितलं, बाहुली आरशासमोर धरून. उलट प्रतिमेत दोन डोळ्यांतला फरक लपत नाही.

हिराता गोयोंनी पुढच्या काळात काचेचे डोळे सोडले. हुबेहूबपणातून बाहेर पडून त्यांनी किमेकोमीच्या, म्हणजे अंगावरच्या खाचेत कापड दाबून बसवलेल्या, साध्या, भरीव आकारांत काम केलं. मी काच निवडली ती डोळ्यातल्या ओलाव्यासाठी. ऐकण्याचा क्षण दाखवायचा तर तो लागेल.

२१ डिसेंबर

थंडी पडली, लेप सुरू.

सरसाच्या कांड्या आदल्या रात्री पाण्यात भिजवल्या. सकाळी गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवल्या. उकळू द्यायचा नाही, उकळला की सरसाची पकड जाते. उन्हाळ्यात तो नासतो, पावसाळ्यात लेप वाळत नाही, थंडीत बशीतच गोठतो. तरीही तिन्हींत थंडी बरी, कारण गोठलेला सरस पुन्हा गरम करता येतो.

गोफुन म्हणजे कालवांचे शिंपले वर्षानुवर्षं उघड्यावर ऊन-पाऊस खाऊ देऊन, दळून, पाण्यात निवळवून, फळ्यांवर वाळवलेली पूड. क्योतोजवळच्या उजीत अजून ती अशी होते. पूड खलात घोटायची, थोडा थोडा सरस घालून कणकेसारखा गोळा मळायचा, तो बशीवर पुन्हा पुन्हा आपटायचा आणि मग कोमट पाणी नि सरस घालून सैल करायचा. आपटण्यानं आतली हवा निघते. हवा राहिली तर लेपात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, आणि एक छिद्र बुजवायला आजूबाजूचं बोटभर काम खरवडावं लागतं.

अस्तराच्या लेपात सरस सर्वांत तेज. पुढच्या प्रत्येक पुटात तो उतरत न्यायचा. बाहेरचा थर आतल्यापेक्षा कडक झाला तर वाळताना तो आक्रसतो आणि आतल्याला सोबत घेऊन सुटतो. त्या म्हाताऱ्या बाहुलीच्या गालात पाहिलं ते हेच.

पहिला हात भरड, कुंचल्यानं थोपटत दिला. डोळे झाकले गेले. आता बरेच दिवस ही आंधळी.

११ जानेवारी

घट्ट गोफुन कुंचल्याच्या टोकावर घेऊन नाक, पापण्या, ओठ यांवर थेंब थेंब उचलायचे आणि तिथेच ठेवून आकार वाढवायचा. याला ओकिआगे म्हणतात. चेहऱ्यातला अर्धा भाग भुशानं आणि अर्धा या उठावानं घडतो, म्हणून भुशाचा चेहरा मुद्दाम थोडा बोजड, अपुरा ठेवलेला असतो. ज्यानं अंग केलं त्याला इथे नेमकं माहीत असतं की कुठे किती कमी सोडलं होतं. वाटणीच्या कामातही काशिराशी हे सर्व एकटाच करतो. त्याच्या डोक्यात नसतो तो फक्त खांदा. मला मात्र वरचा ओठ डावीकडे जरा जास्त उचलावासा वाटला, कारण मान त्या बाजूला ताणलेली आहे.

१८ जानेवारी

मधले हात. वाळलं की ओल्या सुती कापडानं पुसून गुळगुळीत करायचं; पाण्यानं वरचा थर विरतो आणि खाचा आपोआप भरतात. सँडपेपर फक्त पाठीला वापरला, चेहऱ्याला नाही.

२५ जानेवारी

डोळे उघडले.

सगळ्या कामात हा भाग मला सर्वांत जास्त हवासा वाटत होता. चेहरा पूर्ण पांढरा, डोळ्यांच्या जागी दोन फुगवटे. खिडकीची जागा घेतली, उजेड डाव्या बाजूनं. बारीक पात्याची सुरी, दर दोन रेघांनंतर दगडावर एकदा. उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला, वरच्या पापणीची कड आधी. गोफुन पिठासारखा सुटत नाही, मेणासारखा पापुद्र्यांनी निघतो. एक पापुद्रा, दुसरा, आणि मग पात्याखालचा आवाज बदलतो: मऊ खरवडण्याच्या जागी बारीक टकटक. तिथे काच. हात लगेच हलका करायचा. काळी रेघ दिसली, केसाएवढी. तिला खालच्या बाजूनं रुंद करत न्यायचं, एका वेळी इतकं थोडं की बदल डोळ्यानं नाही, बोटानं कळावा.

वरची पापणी आतून तिरपी कापली, म्हणजे तिची सावली काचेवर पडते आणि बुबुळाचा वरचा भाग झाकोळतो. नजर सुटी पडायला हीच सावली लागते. तिरपेपणा नसता तर काच समोरच्याकडे चमकली असती आणि बाई दचकलेली दिसली असती. डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा मिटलेला ठेवला. वळलेल्या मानेवर दोन्ही सारखे उघडे डोळे तिरळे वाटतात.

ओल्या काडीनं काच पुसली. सेन्सेई उठून आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या, बाहुलीच्या उंचीला डोळे आणून पाहिलं. "ऐकतेय," म्हणाल्या, आणि आपल्या कामाला गेल्या.

८ फेब्रुवारी

वरचे हात. गोफुनमध्ये किंचित हिंगुळाचा लाल आणि पिवळ्या मातीचा रंग, सरस अगदी सौम्य, लेप दुधाइतका पातळ. कुंचला रुंद आणि मऊ. एक हात दिसतही नाही, चौथ्या-पाचव्याला त्वचेला खोली येते. आज उजेडात बाहुली फिरवली तर गाल पांढरा दिसत नव्हता, आतून उजळल्यासारखा दिसत होता. गोफुनला रंगाच्या दुकानातला दुसरा पर्याय नाही, असं मी ठामपणे म्हणेन. ॲक्रिलिकवर उजेड बाहेरच थांबतो.

मग भुवया, ओठ. ओठांना करडईच्या फुलांपासून काढलेला बेनी, मधोमध गडद आणि कडेला पुसट. भुवयांसाठी मेन्सो कुंचला, चार-पाच केसांचं टोक. आधी फिकट शाईची आडवी छाया, मग तिच्यावर एकेक केस. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत साच्यातून काढणारे, घोटणारे, रंगवणारे वेगवेगळे असतात, आणि डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताकडेच जाते. त्या हातासमोर मूर्ती येते ती बाकी सगळं झाल्यावर. इवात्सुकीची रीतही याच जातीची आहे, आणि दोन्हीकडे ती गरजेतून आली आहे: सणाची तारीख थांबत नाही. कलावंत म्हणून मान्यता मागणाऱ्या बाहुलीकारांनी ही तारीखच नाकारली. इचिहाशी तोशिको (१९०७–२०००), ज्यांनी याच तोसोमध्ये साध्या, रोजच्या बायका घडवल्या, त्यांना १९८९ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून मान मिळाला. त्यांच्या बाहुल्यांना कुठल्याच सणात जागा नाही, आणि तरी त्या पाहताना काही राहून गेलं असं वाटत नाही.

१५ फेब्रुवारी

केस. काळं रंगवलेलं न पिळलेलं रेशीम, वाफेवर सरळ केलेलं. कपाळाच्या कडेनं आणि भांगाच्या रेषेत बारीक खाच कोरली, खळीचा हात दिला, रेशमाच्या जुड्या दाभणानं आत बसवल्या. मागून पुढे, खालून वर. खांद्यापर्यंतचा आजचा कट, डावा कान उघडा.

खाचेची कड त्वचेवर एकदम सुरू झाली की टोप घातल्यासारखं दिसतं. म्हणून केस सुरू होण्याआधीची लव शाईनं रेखतात, कपाळावर आणि मानेवर. मानेवरची लव रेखताना ऑक्टोबरमध्ये ताणून ठेवलेली ती कानामागची दोरी पुन्हा हाताखाली आली, आणि रेघा कोणत्या दिशेनं जाव्यात हे विचारावंच लागलं नाही.

१ मार्च

गावभर हिना बाहुल्या मांडल्या आहेत, दुकानांच्या काचांत, सराफाकडे, तांदळाच्या दुकानातसुद्धा. वर्गात येता-जाता थांबून पाहते. ते काम वेगळं आहे, त्याची शिस्त वेगळी आहे, आणि चांगल्या काशिराशीच्या हातचा चेहरा गर्दीतून ओळखू येतो.

माझ्याकडे कपडे चालू आहेत. किमेकोमी म्हणजे अंगावर खाच कोरून कापडाची कड तिच्यात दाबून बसवायची. ही रीत अठराव्या शतकात क्योतोच्या कामिगामो देवस्थानात सुरू झाली, उरलेल्या लाकडाच्या लहान बाहुल्यांवर. मी कापडाऐवजी हातकागद वापरते. कोझो या झाडाच्या सालीचा जाड कागद, मुठीत चुरगाळून पुन्हा उघडलेला, त्यामुळे त्याला लोकरीचा जाडपणा येतो. स्वेटरसाठी राखाडी-निळा, स्कर्टसाठी तपकिरी. खाच कमरेला, मनगटांना, गळ्याला. बाकी कागद ओल्या खळीवर सरकवत अंगाच्या वळणाला बसवला. डाव्या काखेकडून उजव्या कमरेकडे जाणारी चुणी जिथे पडायला हवी तिथेच पडली. खांदा मागे घेतला होता म्हणून.

स्वेटरच्या बाहीची कड दोनदा काढून लावली, कागद मनगटावर जाड वाटत होता. आता कडेला कागद खरवडून अर्धा केला आहे.

१५ मार्च

बैठक किरीच्या फळीची, रंग न दिलेली. बाहुलीला खालून लाकडी खुंटी, म्हणजे ती उचलून वेगळी पेटीत ठेवता येईल.

मताची पडताळणी झाली का, हे सेन्सेईंशी बोलले. त्यांचा एक आक्षेप आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो: एकहाती कामात नवख्या हाताचे केस आणि नवख्या हाताचे कपडे येतात, आणि वाटणीच्या कामात प्रत्येक थर त्या त्या उस्तादाचा असतो. खरं आहे. या बाहुलीचे केस इवात्सुकीतल्या कुठल्याही केसवाल्यापेक्षा डावे आहेत. पण मान, डोळा, चुणी आणि लव या चार जागा एकमेकींना ओळखतात, आणि ती ओळख मला दुसऱ्या कुठल्या मार्गानं साधता आली नसती. सेन्सेई म्हणाल्या की मग पुढची बाहुली करताना फक्त केसांचा सराव वर्षभर करा. तेच करणार आहे.

मे महिन्यात वर्गाचं प्रदर्शन आहे. पाटीवर नाव, साहित्य आणि एक सही: 'ऐकताना', तोसो, गोफुन, हातकागद, रेशीम. तोवर पेटीत, गालाला कागद लागणार नाही अशा बेतानं मऊ कागदाच्या गुंडाळ्या मानेखाली आणि उजव्या कोपराखाली. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी एकदा कोरड्या दिवशी उघडून हवा द्यायची, आणि डाव्या मनगटाची कड सुटली आहे का ते पाहायचं.